विषय: गंगापूर रोडचा फ्लॅट आणि धूम्रपानबंदीची अट

सस्नेह नमस्कार,

नाशिकला गंगापूर रोडवर असलेला आमचा फ्लॅट दिवाळीनंतर भाड्याने द्यायचा आहे. घरात कोणी धूम्रपान करू नये, एवढीच आमची अट आहे. पण इतक्या दुरून भाडेकरूची पारख कशी करावी? एजंट म्हणतात, "फॅमिलीच बघून देतो, काळजी करू नका." जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

ताई, सस्नेह नमस्कार.

एजंटाच्या त्या आश्वासनावर विसंबू नये. कुटुंबवत्सल म्हणजे निर्व्यसनी आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करणारी अविवाहित मुले म्हणजे सिगारेटी, असे गृहीत धरल्यामुळे चांगले भाडेकरू हातचे जातात. "तुम्ही ओढता का?" असे विचारले की बहुतेक जण नाहीच म्हणतात आणि खरे बोलणारा तेवढा बाद होतो. त्यापेक्षा फ्लॅट दाखवण्याआधीच प्रत्येकाला एकाच मजकुराचा संदेश पाठवावा, की घरात, बाल्कनीत आणि जिन्यात सिगारेट किंवा विडी चालणार नाही, पाहुण्यांनाही नाही, आणि हे मान्य असल्याचे लेखी कळवल्यावरच पुढचे बोलणे होईल. बाल्कनीचा उल्लेख आवर्जून करावा. ओढणाऱ्याच्या हिशेबी ती घराबाहेर असते, धूर मात्र वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीत शिरतो.

कायद्याची मदत येथे फारशी होत नाही. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यातील धूम्रपानबंदी सार्वजनिक ठिकाणांपुरती आहे, त्यामुळे सगळी भिस्त करारावर. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, व तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाचीच असते. नेहमीच्या छापील मसुद्यात ही अट सहसा नसते. म्हणून स्वतंत्र कलम घालून, अट मोडल्यास रंगकामाचा आणि एसीच्या सफाईचा खर्च अनामत रकमेतून वळता होईल, तसेच नोटीस देऊन करार संपवता येईल, असे स्पष्ट लिहून घ्यावे.

ताबा देताना भिंती, छत, पडदे आणि एसीची जाळी यांचे तारखेसह फोटो काढून दोघांनीही जपून ठेवावेत. निकोटीनचा पिवळट चिकट थर छतावर आणि जाळीवर बसतो, आणि त्यावर नुसता डिस्टेंपर मारून भागत नाही. डाग व वास दाबणारा प्रायमर आधी लावावा लागतो, ज्याचा खर्च घरमालकाच्या माथी येतो.

मसुदा नोंदणीला जाण्यापूर्वी स्वतः अक्षरशः वाचावा. "समजुतीने घेऊ हो" म्हणत नेमके हेच कलम गाळणारे एजंट पुष्कळ आहेत.