चाउशेस्कूच्या रोमानियात सामान्य माणसांचं रोजचं जगणं कसं होतं?

केतकी_वाचते
आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात रोमानियावर बोलायचंय. १९६५ मध्ये कम्युनिस्ट नेता चाउशेस्कू सत्तेवर आला, डिसेंबर १९८९ मध्ये उठाव झाला, हे सगळीकडे मिळतं. मला घरातलं हवंय. कामगार, शेतकरी, बायका यांचा दिवस कसा जायचा? आणि सगळ्यांना सारखीच झळ बसली का?

दूरदेशी
मी नोकरीनिमित्त बुखारेस्टमध्ये राहते. घरमालकीण आजी आयुष्यभर कापडगिरणीत होत्या, त्यांच्याकडून बरंच ऐकलंय.

सारखी झळ अजिबात नाही. सगळ्यात जास्त भोगलं ते बायकांनी, असं माझं ठाम मत आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये ७७० क्रमांकाचा हुकूम निघाला. पंचेचाळिशीच्या आतल्या आणि चारपेक्षा कमी मुलं असलेल्या बाईला गर्भपात बंद, अपवाद मोजकेच. गर्भनिरोधकं दुकानात मिळतच नसत. १९६६ मध्ये देशात पावणेतीन लाखांच्या आसपास मुलं जन्मली होती, १९६७ मध्ये सव्वापाच लाखांहून जास्त! पाळणाघरं, शाळा, दवाखाने तेवढेच. पंचविशी उलटून मूल नसेल तर पगारातून जादा कर कापायचे, मग लग्न झालेलं असो वा नसो.

ऐंशीच्या दशकात गिरणीतच तपासणी सुरू झाली. कामाच्या वेळेतच नावं पुकारून बायकांना डॉक्टरकडे पाठवायचे. दिवस गेलेत असं दिसलं की नोंद व्हायची, आणि पुढे गर्भ पडला तर चौकशी. आजी हे सांगताना आवाज खाली आणतात, अजूनही. शिकलेल्या, ओळखी असलेल्या बाईला केंट सिगारेटची पाकिटं देऊन एखादा डॉक्टर गाठता यायचा. गिरणीतल्या बाईच्या वाट्याला चोरून केलेले घरगुती उपाय यायचे. हुकूम होता त्या तेवीस वर्षांत सुमारे दहा हजार बायका अशा गर्भपातांत गेल्या, असा अंदाज आहे. चाउशेस्कूला गोळ्या घातल्यानंतर लगेच, १९८९ सरायच्या आत, हा हुकूम रद्द झाला. लोकांना तो किती नकोसा होता ते यावरून कळेल.

खाण्याचं थोडक्यात सांगते. परदेशी कर्ज फेडायचं म्हणून मांस, धान्य बाहेर विकलं. बऱ्याच शहरांत माणशी रोज ३०० ग्रॅम पाव. पहाटेची रांग म्हाताऱ्यांनी धरायची, कारण बाकीचे पाळीवर. हिवाळ्यात घरात कोट घालून बसायचं, टीव्ही संध्याकाळी दोनच तास.

रानवाटा
शेतकऱ्यांची भर घालतो. १९४९ ते १९६२ जमिनी सामुदायिक शेतीत ओढल्या, म्हणजे हे चाउशेस्कूच्या आधीचं. थोडी जास्त जमीन असलेल्याला 'कियाबूर' ठरवायचे. त्याच्यावर न झेपणारा धान्याचा कोटा लादायचा, त्याच्या मुलांना पुढे शिकू द्यायचं नाही. जून १९५१ मध्ये युगोस्लाव्हिया सीमेजवळच्या बनात भागातून सुमारे चाळीस हजार माणसं उचलून बरगानच्या माळावर सोडली. त्यांनी मातीची घरं स्वतः बांधली. नंतर तर खेड्यातल्या माणसाला शहरातून पाव विकत घेता येईना, आपल्या गावीच घ्यायचा असा नियम.

केतकी_वाचते
दोघांचे आभार. पण साक्षरता वाढली, घरं मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, हेही वाचलंय. ते खोटं का?

दूरदेशी
खोटं नाही, गटात ते नक्की सांग. आजी खेड्यातून आल्या, त्यांच्या आईला वाचता येत नव्हतं. त्यांना गिरणीत पगार, न्हाणीघर असलेली सदनिका आणि मुलाला शाळा मिळाली. पहिली काही वर्षं बरी होती, असं त्या स्वतः म्हणतात. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

ब्राशोव शहरातल्या कामगारांच्या उठावाचं अवश्य वाच. १५ नोव्हेंबर १९८७, मतदानाचा रविवार. पगारकपातीला वैतागलेले ट्रक कारखान्याचे कामगार, ज्यांच्या नावाने राज्य चालत होतं तेच, पक्षाच्या मुख्यालयावर चालून गेले. आत निवडणुकीच्या मेजवानीचं जेवण मांडलेलं होतं, बाहेरच्या दुकानांत कित्येक महिने न दिसलेलं. साठेक जणांना शिक्षा ठोठावून दूरच्या गावांत कामाला धाडलं, आणि त्यांची बायकामुलं ब्राशोवला पाळतीखाली राहिली.