पूर्व आफ्रिकेत चटईची नक्कल : संघटनेनं निवेदन कुणाला द्यावं, त्यात काय मागावं?

चटईवाला_एमआयडीसी
राम राम मंडळी. जळगावातले आम्ही काही प्लास्टिक चटई कारखानदार केनिया, टांझानिया, युगांडाला माल पाठवतो. आता आमचीच नक्षी आणि आमचाच छाप असलेली, पण वजनाला हलकी चटई तिथल्या बाजारात येतेय. ‘जगभर बौद्धिक संपदेचं कडक संरक्षण व्हावं’ असं निवेदन सरकारला आणि एखाद्या आंतरराष्ट्रीय चेंबरला द्यायचं संघटनेत ठरलंय. मसुदा कसा करावा? रावेर-यावलच्या केळीवाल्यांनाही सोबत घ्यावं का?

निर्यात_कागदपत्र
भाऊ, निवेदनाआधी एक विचारतो. त्या देशांत तुमच्या नावावर हक्क आहे का? ट्रेडमार्क (छाप) आणि डिझाइन (नक्षी) हे देशापुरते हक्क. नुसत्या भारतातल्या नोंदणीवर केनियाच्या मोम्बासा बंदरात कंटेनर अडेल असं धरून चालू नका. हक्कच नसेल तर निवेदन वाचणारा अधिकारी पहिल्या पानावरच थांबतो.

ट्रेडमार्क : चटईचा वर्ग २७. भारतात टीएम-ए फॉर्म, लघुउद्योगाला ऑनलाइन फी ४,५०० रुपये, उद्यमचं प्रमाणपत्र जोडा, नाहीतर ९,००० पडतात. त्यावर माद्रिद प्रोटोकॉलनं, म्हणजे एका अर्जात अनेक देशांत ट्रेडमार्क मागायच्या आंतरराष्ट्रीय करारानं, केनिया घेता येतो (भारत त्यात २०१३ पासून आहे). मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, रंगीत चिन्हाला ९०३, शिवाय देशागणिक वेगळी फी. पहिली पाच वर्षं बाहेरची नोंदणी भारतातल्या मूळ अर्जावर टेकलेली असते. इथला अर्ज कुणाच्या हरकतीमुळे पडला की तिकडचंही सगळं कोसळतं. म्हणून इथल्या परीक्षण अहवालाला मुदतीत उत्तर द्या. आणि तिथल्या वितरकाला स्वतःच्या नावावर चिन्ह नोंदवू देऊ नका, करारात तसं स्पष्ट लिहा.

नक्षी : घोळ जास्त इथेच होतो. डिझाइन अर्ज माल बाजारात आणण्याआधी लागतो (चटई, गालिचांचा वर्ग ०६-११). नवीन नक्षीचा फोटो आधी व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना फिरवला की नावीन्य गेलं, मग नोंदणी झाली तरी डिझाइन कायद्याच्या कलम १९ खाली रद्द होऊ शकते. ‘आमचा कॉपीराइट आहे’ हेही चालत नाही, कारण नोंदणी न केलेल्या नक्षीच्या ५० पेक्षा जास्त प्रती यंत्रावर निघाल्या की कॉपीराइट कायदा हात वर करतो. चटईच्या कारखान्यात ५० म्हणजे किती वेळाचं काम, तुम्हीच सांगा. भारतात अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत बाहेर केला तर तिथेही भारतातल्या अर्जाचीच तारीख धरतात. डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीच्या हेग करारात भारत नाही, पण अरिपो या आफ्रिकी देशांच्या बौद्धिक संपदा संघटनेच्या हरारे प्रोटोकॉलखाली एकाच अर्जात हे तिन्ही देश घेता येतात. बाजारात गेलेल्या जुन्या नक्षींचा नाद सोडा, त्यांच्यासाठी ट्रेडमार्कच.

तापीकाठ_ट्रेड
वरचं झालं की निवेदनाला अर्थ येतो. पण ‘जगभर कडक संरक्षण’ हे वाक्य आधी खोडा. मागणी देशागणिक वेगळी असते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा कराराचं कलम ५१ बनावट ट्रेडमार्कचा आयात माल सीमेवर अडवण्याची सोय ठेवायला सांगतं. केनियाला ते लागू आहे. टांझानिया आणि युगांडा अल्पविकसित देशांत मोडतात आणि त्यांना ट्रिप्समधून १ जुलै २०३४ पर्यंत सूट आहे. तिथे ट्रिप्सचा दाखला दिलात तर समोरचा हसेल. त्यांच्या स्वतःच्या कायद्यावर बोट ठेवा.

सोबत दोन पानांचा पुरावा हवा. अस्सल आणि नकली, एकाच मापाच्या दोन चटया एकाच काट्यावर, आकडा दिसेल असा फोटो. कडेची शिलाई जवळून. लेबल, गठ्ठ्यावरची खूण, खरेदीची पावती, बाजाराचं नाव आणि तारीख. शिपिंग बिलातला आठ आकडी एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक), तीन वर्षांची निर्यात देशवार. ‘कोट्यवधींचं नुकसान’ असं मोघम लिहू नका, कोणत्या वर्षी किती गठ्ठे कमी गेले ते लिहा.

द्यायचं कुणाला : प्लास्टिक निर्यात प्रोत्साहन परिषद, वाणिज्य मंत्रालयाचा आफ्रिका विभाग आणि नैरोबीतल्या आपल्या उच्चायुक्तालयाचा व्यापार कक्ष. आणखी एक वाट फारसं कुणी वापरत नाही. जागतिक व्यापार संघटनेत त्या देशाच्या व्यापार धोरणाचा आढावा येतो, तेव्हा सदस्य देश लेखी प्रश्न विचारतात. तुमचा नेमका एक प्रश्न मंत्रालयाकडे वेळेत पोचवा. वेळेत गेलेल्या लेखी प्रश्नाला लेखी उत्तर अपेक्षित असतं.

चटईवाला_एमआयडीसी
एका परदेशी चेंबरचं तयार पत्र आलंय, सही केली की झालं म्हणतात. करावी का?

तापीकाठ_ट्रेड
आधी पूर्ण वाचा. अशा पत्रांत बनावट मालाच्या दोन ओळी आणि बाकी औषधांच्या पेटंटच्या मागण्या असू शकतात. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घ्यायला आडकाठी करणारं भारताच्या पेटंट कायद्यातलं कलम ३(ड) बदला, ही त्यातली जुनी मागणी. चटईवाल्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि त्यावर सही केलेली संघटना नंतर दिल्लीत मदत मागायला गेली तर दार अर्धंच उघडतं. एकत्र येऊन मागणी करायची रीत मात्र परदेशी कंपन्यांकडूनच शिकावी. १९८६ मध्ये फायझर, आयबीएम वगैरे अमेरिकी कंपन्यांनी समिती केली, युरोप आणि जपानच्या उद्योगसंघांशी बोलून १९८८ मध्ये एकच सामायिक मसुदा सरकारांपुढे ठेवला, आणि ट्रिप्सवर त्याची छाप पडली. तुमच्याकडेही आधी सगळ्या कारखान्यांचा एकच कागद होऊ द्या.

रावेरकर
केळीवाल्यांना एकाच निवेदनात घेऊ नका, त्यांचा हक्क वेगळा. जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भरीताच्या वांग्यालाही. त्याचा मालक एकटा कारखानदार नसतो, आणि शेतकऱ्याला किंवा निर्यातदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या रजिस्ट्रीत स्वतंत्र नाव नोंदवावं लागतं. मुदत दहा वर्षं, पण ती अर्जाच्या तारखेपासून धरतात, प्रमाणपत्राच्या नव्हे. ट्रिप्सच्या कलम २४.९ प्रमाणे मूळ देशात संरक्षण संपलं तर बाहेर कुणी देणं लागत नाही. आखाती देशांकडे मागणी करायची असेल तर आधी नूतनीकरणाची पावती हातात ठेवा.