नार्निया: कुठल्या क्रमाने वाचायचं?

निळीशाई
भाचीसाठी नार्निया या जादुई जगाच्या सातही पुस्तकांचा संच आणलाय. ती नऊ वर्षांची आहे. स्वतः वाचते, पण रात्री मी वाचून दाखवलेलं तिला जास्त आवडतं. संचात १ हा आकडा ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’वर छापलाय. मी लहानपणी फक्त ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ वाचलं होतं, ते इथे चक्क २ नंबरला आहे. सुरुवात कुठून करू? कथानक फोडलंत तरी चालेल, मला फक्त कारण कळू दे. शिवाय ‘द लास्ट बॅटल’ फार जड आहे असं ऐकलंय. तिला झेपेल का?

कागदीबाण
आकडे पाळा, सरळ १ पासून. नार्निया कसं जन्माला आलं ते ‘नेफ्यू’त आहे. अस्लान नावाचा सिंह गातो आणि त्या गाण्यातून तारे, गवत, प्राणी उगवतात. जगाच्या आरंभापासून सुरुवात केली की पुढचं सगळं ओळीने लागतं. खुद्द लेखक सी. एस. लुइसने १९५७ मध्ये एका मुलाला पत्र लिहून हाच क्रम जास्त पटतो असं कळवलं होतं. त्या मुलाच्या आईचं मत उलट होतं!

मधली_सुट्टी
निळीशाई, आकडे बाजूला ठेवा आणि कपाटापासूनच, म्हणजे ‘लायन’पासूनच सुरू करा. मी मुलांना पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवते, घरीही आणि बाहेरही, आणि या एका बाबतीत माझं मत अगदी पक्कं आहे.

चार भावंडांतली धाकटी ल्यूसी कपाटात शिरते तेव्हा तिला काहीच ठाऊक नसतं. आधी हाताला फरचे कोट लागतात, मग त्यांच्या जागी फांद्या, पायाखाली बर्फ, आणि जंगलाच्या मधोमध दिव्याचा खांब. तेवढ्यात छत्री आणि पुडकी सांभाळत एक फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बकरा, येतो. रानात हा दिवा लावला कुणी? मुलं हा प्रश्न तिथेच विचारतात आणि मग विसरत नाहीत. उत्तर ‘नेफ्यू’त आहे: चेटकिणीने लंडनमध्ये खांबाचा एक लोखंडी दांडा उपटलेला असतो, तो नार्नियाच्या नव्याकोऱ्या मातीत पडतो आणि रुजतो. कपाटाचं लाकूड कुठल्या सफरचंदाच्या झाडाचं, म्हातारे प्रोफेसर लहानपणी कोण होते, तेही तिथेच कळतं. हे सगळं सहाव्या पुस्तकात आलं की मुलं अंथरुणात उठून बसतात. पहिल्यातच आलं तर ती नुसती माहिती. प्रश्नच पडलेला नसताना उत्तराचं काय करायचं?

आणखी एक. बीव्हर हा बोलणारा प्राणी अस्लानचं नाव पहिल्यांदा घेतो तेव्हा लेखक सांगतो की तो कोण हे त्या चार भावंडांना माहीत नव्हतं आणि वाचणाऱ्यालाही माहीत नाही. ‘नेफ्यू’ आधी वाचलेली मुलगी तिथे म्हणणार, “मला माहितीये की!” मग त्या पानाची सगळी गंमत गेली.

कागदीबाण, ते पत्र मलाही आवडतं, पण ते पुढेही वाचायला हवं. ‘लायन’ लिहिताना आणखी पुस्तकं येतील हे ठाऊक नव्हतं, आणि ‘डॉन ट्रेडर’ झाल्यावर तर हे शेवटचंच अशी खात्री होती, असं लुइस त्याच पत्रात सांगतो. कुठल्या क्रमाने वाचलं याने कदाचित फारसं बिघडत नसावं, असंही म्हणतो.

तेव्हा प्रकाशनाचा क्रम घ्या: ‘लायन’ १९५०, मग दरवर्षी एक, ‘प्रिन्स कॅस्पियन’, ‘द व्हॉयेज ऑफ द डॉन ट्रेडर’, ‘द सिल्व्हर चेअर’, ‘द हॉर्स अँड हिज बॉय’, ‘नेफ्यू’ आणि १९५६ मध्ये ‘लास्ट बॅटल’. ‘कॅस्पियन’ सुरुवातीला थोडं रेंगाळतं, तिथे धीर धरा. ‘डॉन ट्रेडर’मध्ये मात्र मुळीच घाई नको. हावरट, किरकिरा युस्टस ड्रॅगन होतो. अंगावरची साल स्वतः ओरबाडून काढतो, तर खाली पुन्हा तशीच साल. शेवटी अस्लानच्या नखांनीच ती निघते. नंतर त्याला समजून घेतो तो ल्यूसीचा भाऊ एडमंड, पहिल्या पुस्तकात मिठाईच्या मोहात भावंडांशी दगा केलेला. हा धागा मुलांच्या बरोब्बर लक्षात येतो, आम्हा मोठ्यांना कित्येकदा सुचवावा लागतो.

चांदणवेल
मधली_सुट्टी यांना +१. ‘लास्ट बॅटल’बद्दल सांगते. त्याला कार्नेगी पदक हा मुलांच्या पुस्तकांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार मिळालाय आणि पुस्तक ताकदीचंच आहे, पण लढाईमुळे ते जड होत नाही. गाढवाला सिंहाचं कातडं पांघरून माकड सगळ्यांना फसवतं आणि भली माणसंही फसतात, हे आधी बोचतं. मग नार्नियाच संपतं. माझा मुलगा रडला तो मात्र शेवटी ल्यूसीची बहीण सुझन बाकी भावंडांबरोबर नाही म्हणून. त्या रात्री आम्ही पुढे वाचलंच नाही, नुसतं तिच्याबद्दल बोलत बसलो. भाचीला एकटीला देऊ नका. सहावं झाल्यावर वर्षभर थांबलात तरी हरकत नाही.

निळीशाई
मग कपाटच! कागदीबाण, तुमचा क्रम दुसऱ्या वाचनासाठी राखून ठेवते. मधली_सुट्टी, रात्री एक प्रकरण असं ठरवलंय, चालेल ना?

मधली_सुट्टी
चालेल, ‘लायन’ची सतरा प्रकरणं आहेत आणि एकेक बेताचं आहे. फक्त चौदाव्याला नियम मोडा. त्यात दगडी मेजावर अस्लानला बांधतात. ते वाचून दिवा मालवलात तर पोरगी झोपायची नाही. पंधरावं त्याच रात्री वाचा, कितीही उशीर झाला तरी.