पाणी समपातळीला येईपर्यंत : लॉकगेट आणि फिरत्या पुलांचे आपले अनुभव

माझे वडील मुंबई बंदरात नोकरीला होते. एका सुट्टीत त्यांनी मला इंदिरा गोदीच्या लॉकपाशी, म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेल्या पाण्याच्या कप्प्यापाशी, नेले होते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या भरती-ओहोटीत चार-पाच मीटरचा फरक पडतो आणि ओहोटीबरोबर गोदीचेही पाणी उतरले तर आतली जहाजे तळाला टेकतील, म्हणून १९१४ साली सुरू झालेल्या या गोदीच्या तोंडाशी सुमारे २२८ मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असे लॉक बांधलेले आहे. जहाज आत घेऊन मागचे दार लावले गेले आणि मग कितीतरी वेळ काहीच घडत नाही असे मला वाटत राहिले. वडिलांनी बोट दाखवले तेव्हा दिसले, की शेवाळलेल्या भिंतीवरची ओली रेघ पाण्याखाली जात होती आणि ताणलेल्या दोरखंडातून पाणी पिळून निघत होते. दोन्हीकडचे पाणी समान झाल्याखेरीज पुढचे दार उघडत नाही. आपण जगात कुठेही हे पाहिले असेल, तर सविस्तर लिहावे, ही विनंती.

निवृत्त मरीन इंजिनीअर, मुलुंड :
पनामा कालव्यातून पहिल्या तीन खेपा झाल्या तेव्हा मी इंजिनरूममध्ये होतो. कालवा पार झाल्याचे आम्हांला ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातून, येणाऱ्या हुकमांवरूनच कळायचे. चौथ्या खेपेला वॉच (कामाची पाळी) नव्हता, म्हणून डेकवर आलो. गातून येथील लॉकच्या तीन पायऱ्या चढून जहाज समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर वर जाते आणि त्यासाठी एकही पंप लागत नाही, वरच्या तलावाचे पाणी उतारानेच खाली येते, हे पुस्तकात वाचलेले होते. पण आमचे जहाज आणि काँक्रीटची भिंत यांत जेमतेम दोन फुटांची फट होती आणि दोन्ही बाजूंची रुळांवरची इंजिने केबल ताणून जहाज मधोमध धरत होती, हे पाहताना मी रेलिंग घट्ट धरून ठेवले होते.

मासेमारी कुटुंबातील एक, वेसावे :
आमच्या खाडीच्या तोंडाशी लॉक नाही. ओहोटीला पाणी कमी असले, की बोट बाहेरच थांबते आणि बर्फातली म्हावरं पाहत भरतीची वाट पाहावी लागते.

गृहिणी, दादर :
मुलीकडे स्कॉटलंडला गेलो असताना आम्ही फोर्ट ऑगस्टसला अर्धा दिवस बसून होतो. थॉमस टेलफर्ड यांनी आखलेला, १८२२ साली खुला झालेला कॅलेडोनियन कालवा तिथे पाच लॉकच्या पायऱ्यांनी लॉक नेस सरोवराला मिळतो. (त्यांच्याकडे सरोवरालाही ‘लॉक’च म्हणतात, त्यामुळे ह्यांचा फार गोंधळ झाला.) शिडाच्या बोटीवरची दोन माणसे काठावर उतरली आणि गाय दाव्याने न्यावी तशी, दोर धरून बोट एका लॉकमधून दुसऱ्यात नेऊ लागली. खाली पोहोचल्यावर हमरस्त्यावरची वाहने थांबवली गेली आणि अख्खा पूल एका टोकावर फिरून बाजूला झाला. रांगेत एक मालट्रक अगदी पुढे उभा होता. त्याच्या चालकाने इंजिन बंद केले, खाली उतरून तो कठड्यापाशी आला आणि बोट सरोवरात शिरेपर्यंत आमच्या शेजारीच उभा राहिला.