ड्रेडलॉक करायचेत, पण पावसाळा आणि आज्जी या दोघांचं काय करू?

अनगोळचा_पोरगा
नमस्कार मंडळी. केस खांद्याखाली आल्यात, आता ड्रेडलॉक (केस गुंतवून केलेल्या दोरीगत घट्ट लटा) करून घ्यायचं म्हणालोय. माझे केस एकदम सरळ हायत, ते धरणार का? इथं पार्लरात विचारलो तर एकजण म्हणाला मेण लावून करून देतो, दुसरा म्हणाला गोव्याला जा. रोज बाईकनं बेळगावातच उद्यमबागला कामाला जातो, हेल्मेट काढ-घाल, त्यात आपल्याकडचा पाऊस, जून ते सप्टेंबर चड्डी-बनियन वाळत नाही तिथं ड्रेड कधी वाळणार ओ? आणि सगळ्यात मोठा प्रश्न आज्जीचा. मोबाईलवर फोटो दाखवलो तर हातच जोडली, म्हणाली ही यल्लम्माची जट, हौसेनं कोण डोक्यावर घेतंय व्हय, सौंदत्तीला जाऊन यावं लागंल. तवापासून घरात हाच विषय. कुणी केलाय तर नीट सांगा, मस्करी नको.

चोर्ला_रायडर
माझे गोव्यात हरमलला केलेले, अजून हायत डोक्यावर. मेणवाल्याकडं अजिबात जाऊ नको बे. मेण धुवून निघत नाही, आत बसतंय आणि सगळी धूळ धरून ठेवतंय.

सरळ केस धरतात की, न धरायला काय झालं, वेळ जास्त लागतो एवढंच. एकदम कुरळ्या केसात नुसता पीळ देऊन सोडला तरी जमतं, आपल्या केसाला आधी चौकोनी भाग पाडून एकेक लट कंगव्यानं उलटी विंचरायची, गुंता मुळाकडं ढकलत. मग क्रोशाची सुई. लोकरीची जाड नव्हे, स्टीलची बारीक, अर्धा-पाऊण मिलिमीटरवाली. लटेत आरपार घालायची आणि भराभर मागं-पुढं करायची, हूक सुटे केस पकडून आत ओढतंय. दोन बोटात दाबून बघायचं, पोकळ लागलं की परत तिथंच. अख्ख्या डोक्याला सहा ते दहा तास जातात, बूड दुखतं. आणि लांबी तिसरा हिस्सा तरी कमी होते, म्हणजे तुझे खांद्याखालचे केस खांद्याच्या वर येणार, नंतर रडू नको.

पहिले आठ-दहा दिवस धुवायचं नाही. नंतर आठवड्यातून एकदा, साधा पारदर्शक शांपू, कंडिशनर लावायचं नाही कारण ते केस निसटते करतंय. नीट घट्ट व्हायला वर्षभर धर, मधले काही महिने अवतार बघण्यासारखा असतो. मुळाशी नवे केस उगवतात ते महिना-दीड महिन्यानं सुईनं आत घ्यायचे. काहीजण दर आठवड्याला पीळ देत बसतात, मुळं ओढून ओढून कपाळाकडचे केस जातात आणि फार दिवस असं चाललं तर ते परत येत पण नाहीत.

जांबोटीचा_पाऊस
वरच्यांनी पावसाचं काहीच सांगितलं नाही, खरा घोळ तिथंच हाय. ड्रेड बाहेरनं कोरडा लागतो आणि आत ओला राहतो. दोन-चार वेळा असं झालं की आत बुरशी, आणि मग वास येतो भिजलेल्या गोणपाटासारखा, कितीबी शांपू मारा जात नाही, शेवटी तेवढा कापायचा. म्हणून रात्री धुवायचं नाही म्हणजे नाही. सुट्टीदिवशी सकाळी धुवायचं, जुन्या लुगड्याच्या कापडात एकेक घेऊन पिळायचं (घासायचं नाही, टॉवेलची लव चिकटते), मग फॅनखाली बसायचं आणि वर ड्रायर. लाईट गेली तर बसा बोंबलत, म्हणून आधी करंट हाय का बघून मगच डोक्यावर पाणी घ्या. ओल्या केसावर हेल्मेट घालायचं नाही. पावसात भिजलास तर कामावर पोचल्या पोचल्या मोकळे सोड, साहेब काय म्हणायचं ते म्हणू दे.

तेल आज्जीच्या हातानं चंपी केल्यागत नको, टाळूला बोटानं थोडं बास. आणि घोंगडं घेऊन झोपत असशील तर डोक्याला सुती फडकं बांध, एकदा लोकर आत गेली की निघत नाही.

बेंद्रे_बोलतोय
मुलीकडचे बघायला आले की आधी ड्रेड बघणार मग पगार 😂

निपाणीची_मावशी
बाळा, आज्जीला हसू नकोस. तिनं जे बघितलंय त्यावरून ती बोलतेय.

आमच्या चुलत आज्जीला जट होती. बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळली, विंचरणं झालं नाही, गुंता झाला, आणि कुणीतरी म्हणालं देवीची हाय, हात लावायचा नाही. झालं! वर हळद-कुंकू, तेल, मंगळवार-शुक्रवारी पूजा. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच, विंचरलं की कंगव्यात येतात, नाही विंचरलं की तिथंच अडकून बसतात. तुझ्या ड्रेडमध्ये पण हेच होणार आणि तिच्या जटेत पण हेच झालं, त्यात देवीचा कोप कुठला आला. पण तुला कंटाळा आला की तू कात्री लावशील, तिला तेवढीसुद्धा मुभा नव्हती. मान कायम एका बाजूला, उवा वेगळ्याच. आणि ती तरी लग्न झालेली होती, आपल्या भागात जट आली म्हणून पोरी देवाला सोडल्यात. देवदासी करण्याविरुद्ध कर्नाटकात १९८२ सालीच कायदा झाला, तरी भीती डोक्यातनं निघायला वेळ लागतो.

शेवटी अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) बाया येऊन घरच्यांना समजावून गेल्या, तेव्हा कुठं कापली. कात्री चालेना, थोडं थोडं करत कापली, आत कुंकवाचे थर निघाले. नंतर ती कितीतरी वेळ मान दोन्हीकडं वळवून बघत बसली होती.

तेव्हा आज्जीपुढं वाद घालू नकोस. मी हे धुणार आहे, नको वाटलं की कापणार आहे, असं सरळ सांग. क्रोशाचं काम येत असेल तर सुई तिच्याच हातात दे.

अनगोळचा_पोरगा
मावशी, थँक्स. आज्जीला वाचून दाखवलो. गप्प बसली, मग म्हणाली आमच्या शेजारणीची पण अशीच होती. परवानगी अजून नाही, पण उवा होणार काय म्हणून विचारालीय.

चोर्ला_रायडर
कुणाच्या डोक्यातनं आल्या तर होतील, ड्रेड असो नसो. फक्त औषध आतपर्यंत पोचवायला त्रास होतो.

एक कर, सगळं डोकं एकदम देऊ नको. मानेजवळ आतल्या बाजूला दोनच ड्रेड करून बघ, हेल्मेटखाली टोचतात का, पावसात वास येतो का ते कळंल. नकोसे झाले तर दोनच हायत, भरपूर कंडिशनर घालून टोकाकडनं वर सुईनं उकलता येतात, केस थोडे तुटतात पण टक्कल करावं लागत नाही. सुई खडेबाजारात लेस-दोरेवाल्यांकडं विचार. आणि हेल्मेट आत्ताच नवीन घेऊ नको, सगळे ड्रेड झाल्यावर डोक्यावर बसवून बघून घे, एक साईज मोठी लागते बहुतेक.