मिरज जंक्शन: तुमच्या आठवणी लिहा

पुणे-मिरज लाइन 1887 ची, कोल्हापूरची 1891 ची, दोन्ही मीटरगेज; कुर्डुवाडीकडून आलेली बार्शी लाइट ही नॅरोगेज 1927 ची. 1971 ला पुण्याकडची लाइन ब्रॉडगेज झाली आणि नव्वदच्या दशकापर्यंत मिरजेत ब्रॉड, मीटर आणि नॅरो असे तिन्ही गेज, म्हणजे वेगवेगळ्या रुंदीचे रूळ, एकत्र नांदले. पुढं जायचं तर इथं उतरून गाडी बदलणं आलंच. आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांच्याकडून हे नोंदवून ठेवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

मुंबई, मूळ मडगाव:
कोकण रेल्वे व्हायच्या आधी मे महिन्यात गावी जायचं ते मिरजेवरून. आई सामानापाशी वेटिंग रूममध्ये, बाबा हमालामागे मीटरगेजला जागा धरायला. पुढं लोंढा, कॅसलरॉक, दूधसागर. पण दात घासायचे ते मिरजेच्या नळावर!

मिरज:
आमचं घर तंतुवाद्यांचं. सतारीला, तंबोऱ्याला लागणारे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे. आजोबा ते नॅरोगेजनं मागवायचे आणि गाडी यायच्या आधीच फलाटावर हजर असायचे. एकेक भोपळा कानाशी धरून टिचकी मारायची. आवाज बसका आला की तो बाजूला. मग हातगाडीत पेंढा पसरून भोपळे रचायचे, एकावर एक मुळीच नाही. तयार वाद्यं लाकडी खोक्यांतून पार्सलनं बाहेरगावी जायची. खोक्यावर ‘सांभाळून’ रंगवायचं काम माझ्याकडे असे, आणि ते मी फार मन लावून करायचो.

सांगोला:
आषाढीला नॅरोगेजच्या टपावरही माणसं बसलेली असायची. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, प्रत्येक ठिकाणी आणखी चढायची. डब्यात अभंग चाललेले.

बेळगाव:
वडिलांच्या आजारपणात मिरजेला खेपा व्हायच्या. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 ला सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल आमच्याकडेही सगळ्यांना ठाऊक. स्टेशनबाहेर टांगेवाला पेशंटकडे बघून ‘मिशन का?’ एवढंच विचारायचा आणि वडिलांना हात देऊन वर घ्यायचा. भाड्याची घासाघीस त्यानं आमच्याशी कधी केली नाही.

लातूर:
मी मिरज पाहिलेलं नाही, तरी लिहितो. 2016 च्या दुष्काळात आमच्या गल्लीत घागरींच्या रांगा लागायच्या, त्यावरून भांडणं व्हायची. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची गाडी आली. 10 वॅगन, प्रत्येकीत 50 हजार लिटर, म्हणजे 5 लाख लिटर. पुढं 50 वॅगनची गाडी सुरू झाली, एका खेपेला 25 लाख लिटर. कृष्णेचं पाणी तीनशेहून जास्त किलोमीटर रुळांवरून आमच्या दारात आलं. आईनं पहिल्या घागरीला हळदकुंकू वाहिलं. मिरजेच्या यार्डात त्या वॅगन भरायला राबलेलं कुणी हे वाचत असेल, तर तुमचा अनुभव जरूर लिहा. आईला वाचून दाखवायचा आहे.