स्वतःची बोट घेतली की माणूस 'कॅप्टन' होतो का?

बारा ते चार
मी व्यापारी जहाजावर सेकंड ऑफिसर आहे. रात्री आणि दुपारी बारा ते चार ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, पहारा माझा. एसटीसीडब्ल्यू, म्हणजे जहाजावरच्या लोकांच्या प्रशिक्षणाच्या आणि प्रमाणपत्रांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, ३००० टनांच्या वरच्या जहाजाचा मास्टर, म्हणजे प्रमुख, व्हायला पहाऱ्याचा अधिकारी म्हणून किमान ३६ महिने समुद्रावर काढावे लागतात. त्यातलं वर्षभर चीफ ऑफिसर, म्हणजे मास्टरच्या खालोखालचा अधिकारी, म्हणून काढलं असेल तर २४ चालतात. वर परीक्षा. आणि हे सगळं झालं तरी कंपनी लगेच जहाज हातात देते असं नाही. म्हणून 'कॅप्टन' ही हाक माझ्यासाठी साधी नाही.

सुट्टीत एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांच्या सात मीटरच्या मोटरबोटीवर बोलावलं. शर्टावर 'कॅप्टन' असं भरतकाम. परत येताना वारा बोटीला धक्क्यापासून बाहेर ढकलत होता, ते इंजिन जोरात मागे-पुढे करत होते. त्यांची बायको पुढच्या टोकाला दोर धरून उभी, आणि दोराचे तीन वेढे तिने तळहाताला घेतलेले. दोर ताणायला लागला तशी मी ओरडले, तिने हात सोडवला. एक क्षण उशीर झाला असता तर बोटं गेली असती. त्यांना हे दिसलंच नाही. लोकांनी ही पदवी स्वतःच स्वतःला देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

शीडवाला
दोराचा प्रसंग वाचून अंगावर काटा आला. पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

ताई, जहाजांच्या सुरक्षेचा सोलास करार असो वा एसटीसीडब्ल्यू, दोन्हीकडे जहाजाच्या प्रमुखाला शब्द आहे 'मास्टर'. तुम्ही जी परीक्षा द्याल तीही मास्टरचीच. कॅप्टन ही हाक आहे. मुळात लॅटिन 'कापुट', म्हणजे डोकं. जो प्रमुख तो. नौदलात लेफ्टनंट कमांडरकडे लहान युद्धनौका असेल तर त्या नौकेवरचे लोक त्यालाच कॅप्टन म्हणतात, हुद्द्याने तो कॅप्टनच्या दोन पायऱ्या खाली असला तरी. म्हणजे ही हाक हुद्द्याला नाही, त्या नौकेच्या जबाबदारीला आहे.

आणि जबाबदारी लहान बोटीला माफ नसते. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम डोळ्यांनी आणि कानांनी सतत टेहळणी ठेवा म्हणतो, तो प्रत्येक नौकेला. दुसरा नियम तर हलगर्जीपणाबद्दल मालकाचंही नाव घेतो. नियम लांबी विचारत नाही, तर हाक मारताना आपण का विचारायची?

बारा ते चार
मास्टर-कॅप्टनबद्दल बरोबर आहे तुमचं, मान्य. पण किनाऱ्यावरचा माणूस हा फरक जाणत नाही. त्याच्या कानाला कॅप्टन म्हणजे परीक्षा दिलेला, अनुभवी माणूस. तो पोराबाळांना घेऊन विश्वासाने चढतो. मला खुपतो तो हा उसना विश्वास. माझे ते ओळखीचे त्या दिवशी भरतीची वेळसुद्धा न बघता निघाले होते.

ओहोटी
बारा ते चार यांच्याशी सहमत, विशेषतः पैसे घेऊन माणसं नेतात तिथे. ज्याच्याकडे त्याचा परवाना नाही त्याने ही हाक लावून गिऱ्हाईक मिळवणं ही सरळ फसवणूक आहे. घरच्या घरी मुलं बाबांना कॅप्टन म्हणत असतील तर म्हणू देत.

शीडवाला
पैसे घेऊन नेण्याच्या बाबतीत माझंही तेच मत. पण कागद म्हणजे सगळं नव्हे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या जिल्यो बेटापाशी 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे प्रवासी जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली. कॅप्टन फ्रान्चेस्को स्केत्तीनो यांच्याकडे कागद होते, अनुभव होता. माणसं जहाजावर असताना ते बाहेर पडले. किनारा रक्षक अधिकाऱ्याला फोनवर ओरडून परत जहाजावर चढा म्हणून सांगावं लागलं.

बारा ते चार
हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे, दादा. त्यांना १६ वर्षांची शिक्षा झाली, आणि जहाज सोडून गेल्याचा गुन्हा त्यात होता. तो नुसत्या प्रवाशावर लावता येत नाही. त्या नावाबरोबर तुरुंगही येतो हे माहीत असलेला माणूस ते नाव जपून घेतो. शर्टावर भरून घेणाऱ्यांपैकी कितीजण एवढा विचार करतात?

नाखवा म्हणा
आपल्याकडे बोटीच्या प्रमुखाला नाखवा आणि तांडेल असे दोन उत्तम शब्द असताना भांडण कॅप्टनवरच का?

शीडवाला
तांडेल तर अजिबात नको! ते लोक पाणी बघून खाली खडक की वाळू ते सांगतात. मी ते नाव घ्यायला वीस वर्षं कमी पडतील.

बारा ते चार
बघा, मला हेच म्हणायचं होतं. फक्त कॅप्टनच्या बाबतीत.

पुढच्या टोकाला बसणारी
मी त्या दोर धरणाऱ्या बाईच्या जागी बसते, दर आठवड्याला. माझा नवरा स्वतःला कॅप्टन म्हणवतो आणि मला त्याचं काही वाटत नाही. पण बोटीवर आम्ही दोघंच असतो. उद्या तोच पाण्यात पडला तर इंजिन कुठून बंद करायचं हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. रेडिओ सोळा नंबरच्या चॅनेलला लावून तीनदा 'मेडे', म्हणजे संकटाची हाक, म्हणायचं, बोटीचं नाव आणि जागा सांगायची, हे मी स्वतः पुस्तकातून शिकले. दोर हाताला गुंडाळायचा नाही हे आज इथे कळलं. इथल्या बोटवाल्यांनो, तुमच्याबरोबर येणाऱ्यांना तुम्ही यातलं काय काय शिकवलंय?

शीडवाला
दोराचं आणि इंजिनचं शिकवलंय. रेडिओचं नाही. माझ्याबरोबर भाची येते, चौदा वर्षांची. पुढच्या फेरीला निघण्याआधी धक्क्यावरच तिच्या हातात रेडिओ देतो, न पाठवता बोलायचा सराव करून घेतो. बारा ते चार, जागा कशी सांगायची ते सोप्या शब्दांत लिहून द्याल का?

बारा ते चार
देते. आज रात्री पहारा संपला की लिहिते.